माळ रिकामा नसतो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज सुरुवातीलाच तुम्हाला चार कोडी घालतो. पहिलं कोडं एका पक्ष्याचं. हा बाप-पक्षी पाणवठ्यावर जाऊन पोटापर्यंत पाण्यात बसतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि तेच ओलं पोट घेऊन पिलांकडे उडत येतो. पिलं त्याच्या पिसांना चोची लावून पाणी पितात. दुसरं कोडं गवताचं. त्याचं बी कुणी पेरावं लागत नाही, ते स्वतःच गिरमिटासारखं फिरत जमिनीत घुसतं. तिसरं कोडं हरणासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं. उन्हाळ्यात पाणवठे आटले तरी पाला आणि दंव यांवर तो दिवसच्या दिवस काढू शकतो. आणि चौथं कोडं असं, की जगातल्या कोणत्या सरपटणाऱ्या प्राण्याचं शास्त्रीय नाव चक्क मराठी आहे?

तुम्ही म्हणाल, हे सगळं आफ्रिकेतलं असेल, नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं. टीव्हीवर आपण असलं काही पाहतो ते तिकडचंच असतं. पण उत्तर ऐका. हे चौघंही पुण्याहून दोन-तीन तासांच्या वाटेवर राहतात. पहिल्या तिघांच्या गावाला जायचं असेल तर हडपसर ओलांडा, यवत मागे टाका, चौफुल्याला उजवीकडे वळून सुप्याची वाट धरा. डाव्या-उजव्या हाताला जे उघडंबोडकं, पिवळट, खडकाळ रान लागतं, जे पाहून गाडीतली माणसं काच वर करून झोपी जातात, तेच त्यांचं घर. त्याला आपण माळ म्हणतो. सरकारी कागदावर त्याचं नाव बहुतेकदा ‘पडीक’ असं असतं.

माझं आणि या माळाचं नातं जुनं आहे. आमचं घराणं मुलाण्याचं. अब्बांचा मेंढ्या-बकऱ्यांचा छोटा व्यापार होता. माळावरच्या धनगरवाड्यांवर जायचं, जनावरं पारखायची, सौदा करायचा आणि ती पुण्याच्या बाजारात आणायची. सुट्टीत ते मला बरोबर घेऊन जात. मी सात-आठ वर्षांचा असेन. वाघरीच्या जाळ्यात बसलेली मेंढरं, सामान लादलेली घोडी, चुलीवरची भाकरी आणि चहूबाजूंनी वाऱ्यावर हलणारं गवत, एवढंच तेव्हाचं आठवतं. आणि आठवते ती एक संध्याकाळ. अब्बांनी माझा खांदा दाबला आणि हळूच म्हणाले, “बेटा, हलू नकोस. समोर बघ.” शंभरेक पावलांवर एक लांबट पायांचं, करड्या-तांबूस रंगाचं जनावर उभं होतं. कुत्र्यासारखं, पण कुत्रं नव्हे. त्यानं आमच्याकडे पाहिलं. घाईनं नाही, भीतीनंही नाही. मग वळून गवतात चालायला लागलं आणि बघता बघता गवतच होऊन गेलं. तो मी पाहिलेला पहिला लांडगा.

आता हा माळ असा का, ते आधी पाहू. मोसमी वारे अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेला आलं की ढगांची झोळी रिकामी होत जाते. पुण्यात सातशेच्या आसपास आणि सुपे, बारामती, इंदापूरकडे साधारण पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. यालाच भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. त्यात जमीन उथळ, बोटभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. अशा जागी घनदाट झाडी वाढू शकत नाही. वाढतं ते गवत, आणि मधेमधे विखुरलेली बोर, बाभूळ, खैर, हिवर अशी काटेरी झाडं.

गवत म्हणजे दुबळी वनस्पती, असा आपला समज. आपण ‘गवतासारखं’ हा शब्दही क्षुद्र या अर्थानंच वापरतो. पण गवताइतकी चिवट वनस्पती दुसरी नाही. झाडाचा कोंब शेंड्याला असतो, शेंडा खुडला की वाढ खुंटते. गवताचा वाढीचा बिंदू जमिनीलगत असतो. मेंढीनं खाल्लं, वणव्यानं जाळलं, उन्हानं वाळवलं, तरी पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा उभं राहतं. त्याची खरी संपत्ती जमिनीखाली, मुळांच्या जाळ्यात असते. ब्राझीलमध्ये सेराडो नावाचा अफाट माळ आहे. तिथली झुडपं वर खुजी आणि खाली खोल मुळांची असल्यानं त्या प्रदेशाला ‘उलटं जंगल’ म्हणतात. सारं जग शेजारच्या ॲमेझॉनच्या जंगलाकडे डोळे लावून बसलं असताना या सेराडोचा जवळजवळ निम्मा भाग शेती आणि कुरणांसाठी नांगरला गेला. जंगल तुटलं की आवाज होतो, गवत गेलं की होत नाही.

आमच्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी कितीतरी गवतं. त्यातली कुसळी म्हणजे आपल्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर. तिच्या बियेला एक लांब, पीळ पडलेली शेपटी असते. ओलावा मिळाला की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो. रात्री दंव, दिवसा ऊन. या उलगडण्या-वळण्यात बी गोल फिरतं आणि त्याचं टोकदार तोंड मातीत रुतत जातं. आपल्याकडे म्हण आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. त्या म्हणीतलं कुसळ हेच. माळावर पँटला चिकटतं आणि मोज्यातून टोचतं तेही हेच.

पहिल्या कोड्यातला पक्षी म्हणजे पखुर्डी. कबुतराएवढी, मातीच्या रंगाची. जमिनीवर बसली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. मीड-वॉल्डो नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८९६ साली प्रथम लिहिलं, की या जातीचा नर पिसांत पाणी आणून पिलांना पाजतो. विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. सत्तर वर्षं ती गोष्ट थापच समजली गेली. शेवटी १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघा शास्त्रज्ञांनी ती खरी असल्याचं सिद्ध केलं. या पिसांचे सूक्ष्म तंतू ओले झाले की उलगडतात आणि स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात. पिलांना उडता येत नाही, पाणवठा कित्येक किलोमीटर दूर, मग बापानं पखाल व्हायचं! कवींनी आईच्या मायेवर पुष्कळ लिहिलं. पखुर्डीच्या बापावर मराठीत कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. मीही लिहिलं नाही, ही कबुली देतो.

तिसरा प्राणी चिंकारा. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव घेतलेलं एक छोटं अभयारण्य सुप्याजवळ आहे. १९९७ मध्ये ते घोषित झालं. क्षेत्रफळ फक्त सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आसपास. ते मुख्यतः या चिंकाऱ्यासाठी. वजन वीस-पंचवीस किलो, तांबूस रंग, डोळ्यांपासून नाकापर्यंत उतरणारी गडद रेघ. नराला शिंगं असतात, तशी मादीलाही असतात, फक्त बारीक. धोका जाणवला की तो पाय आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. त्या शिंकेवरूनच त्याचं नाव पडलं, असं सांगतात.

त्याचा भाऊबंद काळवीट. त्याच्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून अभयारण्य आहे. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगानं पळतो. आता विचार करा, आज आपल्या माळावर त्याच्यामागे एवढ्या वेगानं धावू शकेल असं कोण आहे? लांडगा नाही. मग ही गती त्याला कशासाठी? ती एका गेलेल्या शत्रूसाठी आहे. तो शत्रू म्हणजे चित्ता. आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात, ती चूक. चित्ता वेगळा, आणि तो या माळाचाच रहिवासी होता. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली जाई. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे नोंदलेले चित्ते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियाहून आठ चित्ते विमानानं मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले. आपण आपला चित्ता घालवला आणि परक्या मुलखातून पाहुणा आणला. काळविटाचे पाय मात्र त्या जुन्या चित्त्याला अजून विसरलेले नाहीत.

आणि लांडगा? भारतीय लांडगा हा बर्फातल्या लांडग्यासारखा केसाळ, दांडगा नसतो. साधारण वीस किलोचा, सडपातळ, आखूड केसांचा. कारण साधं आहे. थंडीत शरीराची ऊब धरून ठेवावी लागते, आमच्या माळावर ती बाहेर टाकावी लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की हा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. आपण ज्याला आडदांड गावगुंड समजतो, तो निघाला कुळातला वडीलधारा! देशात त्याची संख्या सुमारे तीन हजार असावी, असा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघ ३,६८२ भरले. म्हणजे वाघापेक्षा लांडगे कमी. पण वाघासाठी पर्यटक रांगा लावतात आणि लांडगा दिसला की गाव काठ्या घेऊन निघतं.

मराठी भाषेनंही लांडग्यावर थोडा अन्यायच केला आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. कुणी कुणाला लुबाडलं की लांडगेतोड म्हणतो. पण जो रोज लांडग्याशेजारी राहतो, त्या धनगराचं मत मी ऐकलं आहे. अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे धनगर होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. एकदा रात्री लांडग्यानं त्यांचं एक कोकरू नेलं. सकाळी अब्बांनी हळहळ व्यक्त केली, तर आबा म्हणाले, “मुलाणी, त्याची बी पोरं हायती की. मेंढरं माझी हायती, माळ काय माझ्या एकट्याचा न्हाई.” कोकरू गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं नाही. गरीब माणसाचं एक कोकरू म्हणजे काय असतं, ते आम्हाला ठाऊक होतं. आज अशा नुकसानीची सरकारी भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत फिरस्त्या धनगराला एका जागी थांबणं परवडत नाही. म्हणून आबांच्या त्या वाक्याची किंमत मी फार मोठी मानतो. लांडगा आजवर टिकला, त्यात आबांसारख्यांनी सोसलेल्या कोकरांचा वाटा आहे.

आता थोडं दूर जाऊ. जगातला सर्वांत नावाजलेला माळ म्हणजे टांझानियातलं सेरेंगेटी. मसाई लोकांच्या भाषेतल्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थच ‘न संपणारा माळ’ असा. तिथं तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट, म्हणजे आपल्या रेड्यासारख्या तोंडाची हरणं, हिरव्या गवताच्या शोधात वर्षभर गोल प्रवास करत असतात. पाऊस पुढे, गवत त्याच्या मागे, कळप गवताच्या मागे. हे वाचताना मला आमचा धनगर आठवतो. पावसाळ्यात तो माळावर असतो, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, शेताशेतात मेंढ्या बसवतो आणि उन्हाळा सरताना परत येतो. पाऊस, गवत आणि कळप यांचं तेच गणित.

जिथं कळप, तिथं शेण, आणि जिथं शेण, तिथं शेणकिडे. या किड्याला आपण कधी वळूनही पाहत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका शेणकिड्यावर शास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा किडा रात्री शेणाची गोळी करून सरळ रेषेत ढकलत नेतो. अंधारात त्याला दिशा कशी कळते? शास्त्रज्ञांनी त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची छोटी टोपी बसवली. आकाश दिसेनासं होताच किडा भरकटला. मग त्याला तारांगणात नेलं, तेव्हा उलगडा झाला, की तो आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतो. शेणात जन्मलेला जीव ताऱ्यांकडे पाहून चालतो, आणि आपण ताऱ्यांखाली राहून मान खाली घालून मोबाईल पाहतो.

दूरच्या माळांशी आपल्या माळाचं नातं आणखीही एक आहे. हिवाळ्यात आपल्याकडे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. लांब पंख, लांब शेपटी, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे. त्यातले काही कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून येतात. इथं येऊन ते मुख्यतः टोळ आणि नाकतोडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकट करतात. रात्री ते झाडावर नाही, तर गवतात जमिनीवर झोपतात. त्यांच्यासाठी माळ ही धर्मशाळा आहे. परतीच्या वेळी ती जाग्यावर असली पाहिजे, पुढच्या वर्षीही असली पाहिजे.

राहिलं चौथं कोडं. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचं पठार आहे. तिथं उन्हाळ्यात एक सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, केशरी असे तीन झगझगीत रंग. मादीला रिझवायचं आणि दुसऱ्या नराला दटावायचं, अशी दोन्ही कामं त्या एका पंख्यानं होतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा एक नवा वंश वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं ‘सरडा’! चाळकेवाडीचा तो ‘सरडा सुपर्बा’. लॅटिन नावांच्या दरबारात आपला साधा गावरान शब्द मानानं जाऊन बसला.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथं अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी दिसले. शत्रू कमी, म्हणून सरडे वाढले. ऐकायला बरं वाटतं. पण सरडे वाढले तसे ते रोडावले, माणसाला घाबरेनासे झाले आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. पवनचक्की धूर सोडत नाही, तिची गरज आहे, मला मान्य आहे. सांगायचं एवढंच, की माळावरची एक वीट हलवली की दुसरीकडची भिंत कलते.

काही भिंती तर पडल्याच. सोलापूरजवळ नान्नजला १९७२ मध्ये बी. एस. कुलकर्णी या पक्षिमित्रांनी माळढोक असल्याचं लक्षात आणून दिलं. माळढोक हा उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९७९ मध्ये तिथं अभयारण्य झालं. कागदावर त्याचा विस्तार आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. पुढे तो सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणला गेला. दरम्यान माळ नांगरले गेले आणि विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तारेवर आदळून तो मरतो. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या अभयारण्याला माळढोकाचं नाव आहे, माळढोक मात्र जवळजवळ नाहीत.

असं का झालं? त्याचं मूळ एका शब्दात आहे. शब्द हा माझा धंदा, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. इंग्रजांना जमीन म्हणजे महसूल. जी महसूल देत नाही, ती ‘वेस्ट’. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची नवी पद्धत बसवली, ती आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून. जमिनीची प्रतवारी झाली, पिकाऊ आणि पडीक अशी. इंग्रज गेले, पण ‘पडीक’ हा शब्द राहिला. त्यानंतर देशाच्या ‘वेस्टलँड’ नकाशांतही असे कितीतरी माळ जाऊन बसले. आणि एकदा जमीन पडीक ठरली, की तिचं काहीतरी ‘भलं’ करण्याची प्रत्येकाला घाई होते. कुणी कारखाना काढतं, कुणी प्लॉट पाडतं, आणि सज्जन माणसं तिथं झाडं लावतात.

त्या सज्जनांत मीही होतो. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेनं माळावर वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम केला. कवी म्हणून मला बोलावलं. मी झाडांवरची माझी कविता वाचली, टाळ्या घेतल्या आणि गिरिपुष्पाचं एक रोप माझ्या हातानं लावलं. फोटोही निघाला. गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढणारं. चार-पाच वर्षांनी त्या बाजूला गेलो, तर रोपांचं दाट रान झालेलं. खाली गवत नाही, गवतात पाखरू नाही. उघड्या रानात लांबवर नजर टाकून जगणारा चिंकारा अशा दाटीत कशाला येईल? जमिनीवर अंडी घालणारी पखुर्डी कुठं घालणार? वाटेत आबांचा मुलगा भेटला. तो वैतागून नाही, अगदी सहज म्हणाला, “दादा, झाडं झाक झाली. पर मेंढरं कुठं चारू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी कळलं, की ज्या कवितेला मी टाळ्या घेतल्या, तिच्यात या माणसाला जागाच नव्हती.

मला झाडांचा राग नाही. सह्याद्रीच्या तुटलेल्या उतारावर झाडं लावावीत, गावात, रस्त्याकडेला लावावीत. पण माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. तो मुळातच माळ आहे. हे आता आपल्या जुन्या मराठी साहित्यातूनही समोर आलं आहे. आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर संस्थेतले दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी जुने मराठी ग्रंथ, चरित्रं, लोककथा आणि ओव्या चाळल्या आणि त्यांत कोणकोणती झाडं येतात ते पाहिलं. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या या साहित्यात भेटणारी बहुतेक रानझाडं माळावरचीच, काटेरी, उन्हाची निघाली. पंढरपूरच्या देवळात संत कान्होपात्रेची आठवण म्हणून तरटीचं झाड दाखवतात. ती तरटीसुद्धा अशाच कोरड्या, काटेरी रानातली. म्हणजे आपल्या संतांनी आणि जात्यावरच्या बायांनी हा माळ पाहिला होता आणि त्याची साक्ष लिहून, गाऊन ठेवली होती. आपणच ती वाचली नाही.

आता एक नवं संकटही आहे. माळालगत वस्त्या वाढल्या, उकिरडे वाढले, भटकी कुत्री वाढली. ती चिंकाऱ्याच्या पाडसांना फाडतात, लांडग्यांत रोग पसरवतात. शिवाय लांडगा आणि कुत्रा यांच्यापासून पिलं होऊ शकतात. पुणे परिसरातल्या माळावर ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या कार्यकर्त्यांना वेगळ्या रंगाचे लांडगे दिसले. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत तो संकर असल्याचं स्पष्ट झालं. गोळीनं मेलेला लांडगा निदान दिसतो. असा कुत्र्यात मिसळून विरघळत गेलेला लांडगा कधी संपला, तेही कळणार नाही.

तरी मी निराश नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वन विभागानं इंदापूरजवळच्या कडबनवाडीत आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला गवताळ रानातली सफारी सुरू केली. ज्या इंदापूर तालुक्यात माळाला पडीक ठरवणारी मोजणी सुरू झाली, त्याच तालुक्यात लोक आता पैसे मोजून माळ पाहायला जातात, ही मला काळानं केलेली छान दुरुस्ती वाटते. तुम्हीही जा. मुलांना न्या. पण पहाटे जा आणि गाडी वाटेवरच ठेवा. लांडग्याच्या पिलांच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. त्याची बीळं माहीत असली तरी चारचौघांत सांगू नका. आणि वाटेत धनगर भेटला तर दोन मिनिटं थांबून त्याच्याशी बोला. माळाचं सगळ्यात जुनं पुस्तक तोच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा सुप्याकडे गेलो होतो. अब्बा आता नाहीत, आबाही नाहीत. ऊन चढायच्या आत तासभर एका दगडावर बसलो. लांडगा दिसला नाही. एक भोवत्या गवतावरून तरंगत गेला. दूर दोन चिंकारे मान वर करून माझ्याकडे पाहत होते. उठलो तेव्हा पायजम्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती. घरी येऊन ती काढताना सौ. म्हणाली, “कुठं त्या रिकाम्या रानात जाऊन बसता!” मी एक कुसळ तिच्या तळहातावर ठेवलं, वर पाण्याचा एक थेंब टाकला आणि म्हटलं, “बघत राहा.” काही क्षणांत ते कुसळ हळूहळू फिरायला लागलं. ती पाहतच राहिली. माळ रिकामा नसतो, हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.